अंगठ्यापासून चेहऱ्यापर्यंत

मराठीत ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द हेटाळणीचा आहे. ज्याला सही करता येत नाही तो कागदावर डावा अंगठा उमटवतो आणि त्या कागदात काय लिहिले आहे ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो. सावकारशाही याच विषमतेवर पोसली गेली. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, तो त्याला पुढे करार नाकारता येऊ नये म्हणून. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांची स्वतंत्र कचेरी निघाली. सहीच्या अभावी आलेली खूण अशा रीतीने सहीहून भरवशाची ठरली. २०१० च्या सप्टेंबरमध्ये आधार क्रमांकांचे वाटप नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावातून सुरू झाले, हे या इतिहासाशी सुसंगतच होते.

स्मार्टफोन आणि खाजगीपणा यांविषयीच्या चर्चेत ‘वापरकर्ता’ हा शब्द गृहीत धरलेला असतो. जव्हार-मोखाड्याकडे पाहिले की तो अपुरा वाटू लागतो. पावसाळ्यात दाभोशाचा धबधबा पाहायला आलेल्या पर्यटकाचा फोन त्याच्या फिरण्याची नोंद ठेवतो. पण फोन त्याचा असतो आणि निदान काही परवानग्या नाकारण्याची सोय त्याच्या हाती असते. येथील मजूर स्त्रीची नोंद दुसऱ्याच्या फोनमध्ये होते. रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली कल्पना. तिचा कायदा १९७७ चा. तिच्या राष्ट्रीय अवताराच्या कामांवर दिवसातून दोनदा, स्थळनिर्देशासह छायाचित्र काढून हजेरी घेण्याची सक्ती १ जानेवारी २०२३ पासून झाली. अंगणवाडीत २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ आला, आणि जुलै २०२५ पासून घरी न्यावयाच्या शिध्यासाठी चेहऱ्याची पडताळणी सक्तीची करण्यात आली. ज्यांच्या हाती ही यंत्रे होती त्या अंगणवाडी सेविकाही त्यांच्या धनी नव्हत्या. नादुरुस्त फोन आणि इंग्रजीतील अ‍ॅप यांना कंटाळून त्यांनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर फोन परत केले.

म्हणून नोंदच नको, असे मात्र आम्हांस म्हणता येत नाही. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा या भागाकडे राज्याचे लक्ष गेले. ज्याची मोजदाद नाही त्याचे मरणही दिसत नाही, हा धडा तेथे मिळाला. बालकाचे वजन नोंदले गेलेच पाहिजे. परंतु वजनाची नोंद मुलासाठी असते. आईच्या चेहऱ्याची पडताळणी तिच्यावरील संशयापोटी असते. या दोहोंतला भेद पुसला जाणे हा खरा धोका होय.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पुढच्याच वर्षी शासकीय लाभांसाठी आधारची अट वैध ठरली. २०२३ च्या विदासंरक्षण कायद्याने संमतीला मध्यवर्ती स्थान दिले. अनुदाने आणि लाभ देणाऱ्या शासनाला मात्र त्यातून बरीच मोकळीक दिली. संमती विचारली जावी ती ज्याच्यापाशी नकार देण्याचे बळ आहे त्यालाच, असा याचा अर्थ होतो.

अंगठा देणाऱ्याला निदान आपण काहीतरी देत आहोत एवढे कळत असे. चेहरा तर न देताही घेता येतो. साक्षरतेचा अर्थ आता कागद वाचता येणे एवढाच उरलेला नाही. आपल्याविषयी काय लिहिले गेले हे वाचण्याचा आणि ते चुकीचे असल्यास खोडून मागण्याचा अधिकारही तीत आला पाहिजे.