पाटा, स्प्रिंग आणि खडकीचा रस्ता

खडकीचा इतिहास सांगणारे बहुधा ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईपासून सुरुवात करतात आणि १८६९ मध्ये उभ्या राहिलेल्या दारूगोळा कारखान्यापाशी थांबतात. पण छावणी बसली की तिच्याबरोबर चाके येतात, आणि चाके आली की ती दुरुस्त करणारे हातही येतात. आज खडकीत लष्कराचे ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे, मुळा ओलांडली की दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, आणि जुना मुंबई-पुणे रस्ता याच भागातून जातो. वाहनदुरुस्तीचा इतिहास शोधायला याहून चांगली जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. त्यातला एकच धागा इथे घ्यायचा आहे: गाडीच्या स्प्रिंगा बदलण्याचे काम. एके काळी ते घराच्या दारात, झाडाखाली, रस्त्याच्या कडेला होत असे. मोटारीपुरते तरी ते आता तिथून जवळजवळ उठले आहे. हल्लीच्या लोकांना हात काळे करायला नकोत, असे त्याचे कारण नेहमी दिले जाते. मला ते पटत नाही. काम दारातून गेले ते स्प्रिंगची घडण बदलल्यामुळे.

सुरुवात स्प्रिंग नसलेल्या गाडीपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकात खडकी हे मुंबई इलाख्यातले तोफखान्याचे प्रमुख ठाणे होते. तोफेच्या गाड्याला स्प्रिंग नसे, बैलगाडीलाही नसे. दुरुस्ती म्हणजे चाक, आरे, धाव आणि आस. काम सुताराचे आणि लोहाराचे. १८३० मध्ये सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटाचा रस्ता चाकांच्या वाहनांसाठी खुला झाला आणि माणसे वाहून नेणाऱ्या गाड्यांना वाट मिळाली. पाट्यांच्या लंबगोल कमानीचे पेटंट इंग्लंडात ओबादाया इलियटने १८०४ मध्येच घेतले होते. घोडागाड्यांबरोबर कमान इकडे आली, आणि १८५८ मध्ये रेल्वे पुण्याला पोहोचल्यावर स्टेशन ते घर हा प्रवास टांग्याचा झाला. कमान अशी लोहाराच्या ऐरणीवर आली, ती मोटारी आल्यावरही तिथेच राहिली.

कारण पाट्यांची कमान ही मुळात सुटी होणारी वस्तू आहे. दोन टोकांना डोळे असलेला मेन पाटा, त्याच्या जोडीला क्रमाने आखूड होत जाणारे पाटे, मधोमध सगळ्यांतून जाणारा सेंटर बोल्ट आणि हा जुडगा आसाला आवळून धरणारे यू-बोल्ट. आतला एखादा पाटा तुटला तरी उरलेले पाटे गाडी सावकाश पुढच्या गावापर्यंत नेतात. तुटलेला तेवढाच बदलता येतो, ओझे वाढले तर एखादा वाढवता येतो. कमान बसली, म्हणजे सपाट झाली, तर पाटे ऐरणीवर थंडच ठोकून त्यांना पुन्हा बाक देता येतो. गाडी उचलून चौकटीखाली पक्का टेकू दिला आणि आसाचा भार जॅकवर तोलला, की कमानीतला बहुतेक जोर आपोआप सैल पडतो. जॅक, चार पाने, घण आणि टेकू, एवढ्यावर काम भागते. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्यानंतर कित्येक दशके एसटीचा भार पाट्यांनीच पेलला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या जीपही चारही चाकांवर पाट्यांच्याच होत्या. आणि निकामी पाटा भंगारात संपत नसे. त्याचे चिवट पोलाद तापवून लोहार कोयते आणि कुऱ्हाडी घडवतो. ऊसतोडीसाठी पाट्याचा कोयता आजही मागून घेतला जातो. म्हणजे हे पोलाद ओळखणारा, तापवणारा, वाकवणारा माणूस गावोगाव होता. दारातली दुरुस्ती त्याच्या जोरावर चालली.

लष्कराची पद्धत इथे फार उपयोगी पडते. १९४३ मध्ये विद्युत आणि यांत्रिकी अभियंत्यांचे स्वतंत्र दल उभे राहिले. त्याच्या व्यवस्थेत दुरुस्तीच्या पायऱ्या आहेत: तुकडीजवळ होण्यासारखे काम तिथेच, न होण्यासारखे मागच्या फील्ड वर्कशॉपमध्ये, आणि वाहन पूर्ण उघडून नव्याने उभे करायचे तर बेस वर्कशॉपमध्ये. खडकी ही शेवटची पायरी. कोणते काम कुठे करायचे, हे लागणारे हत्यार, वेळ आणि चुकीची किंमत यांवर ठरते. नागरी गाड्यांना असा लेखी नियम नव्हता, तरी वाटप त्याच तत्त्वावर झाले. यावर कुणी म्हणेल की फियाट बाळगणारा पुणेकर स्वतः गाडीखाली कधी शिरला? तो मिस्त्रीला बोलवायचा. हे अगदी खरे आहे, आणि म्हणूनच माझा मुद्दा मालकाच्या हातांचा नाही, जागेचा आहे. मिस्त्री आपली हत्यारे पिशवीत घालून दारात येऊ शकत होता. नंतर त्याच कामाला पिशवी पुरेनाशी झाली. काम एक पायरी वर सरकले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोटारीत पाट्यांची जागा घेणारी वेटोळ्याची स्प्रिंग काही मारुतीबरोबर आली नाही. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० ला, म्हणजेच पुढच्या पद्मिनीला, मागे पाटे असले तरी समोर वेटोळ्याच्याच स्प्रिंगा होत्या. मग दोष वेटोळ्याला कसा देणार? देता येत नाही, आणि इथे मला माझे म्हणणे अधिक नेमके केले पाहिजे. त्या रचनेत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. आर्मखाली जॅक लावून तो हळूहळू उतरवत तिचा जोर सोडवता येतो. जोखमीचे, पण जॅकने होणारे काम. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती समोर मॅकफर्सन स्ट्रट घेऊन. फोर्डच्या अर्ल मॅकफर्सनची ही रचना १९५० च्या आसपास युरोपातल्या फोर्ड गाड्यांत दिसू लागली होती. तिच्यात शॉकअॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकाच खांबात बसतात, आणि वरच्या नटाने स्प्रिंग कायमची दाबून धरलेली असते. गाडी उचलली, चाक लोंबकळू लागले, तरी तो जोर आत कोंडलेलाच राहतो. साधारण ६५० किलोच्या या गाडीत समोरच्या एकेका चाकावर २०० किलोच्या घरात भार येतो. एवढे पेलणारी स्प्रिंग नट काढताच उसळली तर माणूस जायबंदी होऊ शकतो. म्हणून ती आधी स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरने आवळावीच लागते. आता त्याच गाडीची मागची बाजू पाहा. १९८६ च्या नव्या रूपात मागेही वेटोळी आली, पण शॉकपासून वेगळी. चौकट टेकूंवर ठेवून, आसाला जॅकचा आधार देऊन शॉकचे खालचे बोल्ट सोडले आणि ब्रेकच्या नळीला ताण न देता आस खाली घेतला, की स्प्रिंग हाताने निघते. वेटोळे पुढेही आहे आणि मागेही. पण मागचे काम दारात करता येते आणि पुढचे टाळावे लागते.

कॉम्प्रेसर विकत मिळतो, मग अडचण काय, असेही विचारता येईल. साध्या कॉम्प्रेसरचे दोन आकडे समोरासमोर, सारख्या वेटोळ्यांवर, सारखेच आवळावे लागतात. एक घसरला की सगळा जोर एका बाजूला येतो. शिवाय काम तिथे संपत नाही. स्प्रिंगा जोडीने बदलायच्या असतात, आणि स्ट्रट सोडला की चाकाचा कोन हलतो, म्हणून शेवटी अलाइनमेंटच्या यंत्रावर गाडी न्यावीच लागते. अर्थात पाट्यांचा काळ सोन्याचा होता असे मी म्हणणार नाही. पाटे जड असतात, एकमेकांवर घासतात, गंजतात. थंड ठोकून दिलेला बाक थकलेल्या पोलादाला पुन्हा तरुण करत नाही, आणि पाटा तुटून बस कलंडल्याच्या बातम्या महाराष्ट्राने पुष्कळ वाचल्या आहेत. स्ट्रटने जागा वाचवली, सुटे भाग कमी केले, लहान गाडी परवडणारी करण्यात त्याचा वाटा आहे. मात्र याचा भार झाडाखालच्या मिस्त्रीवर पडला. त्याचे कसब कमी पडले नव्हते. लिफ्ट, कॉम्प्रेसर, अलाइनमेंटचे यंत्र आणि त्यांवर छप्पर एवढे भांडवल त्याच्याकडे नव्हते, आणि हा फरक विसरून त्याला अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे.

आळसाचे कारण खोटे ठरवणारा पुरावा रस्त्यावरच आहे. ट्रक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पुष्कळसे टेम्पो अजून पाट्यांवर चालतात, आणि त्यांचे पाटे आजही महामार्गाच्या कडेला, उघड्यावर, घण आणि जॅकने बदलले जातात. उलट शिवनेरीच्या व्होल्वो बसला पाट्यांऐवजी हवेच्या पिशव्या आहेत. ते काम रस्त्याकडेच्या लोहाराकडे जात नाही. शहर तेच, पिढीही तीच. हातच आळशी झाले असते तर ट्रकचे कामही रस्त्यावरून उठले असते.