पूरक प्रथिनसंस्था आणि कर्करोगाचा फैलाव

जंतू शरीरात शिरले की रक्तातली काही प्रथिने एकामागून एक सक्रिय होतात. या साखळीला पूरक प्रथिनसंस्था किंवा कॉम्प्लिमेंट म्हणतात. ही प्रथिने तिसाहून अधिक असून बरीचशी यकृतात तयार होतात. प्रतिपिंडे शाबूत असली तरी रक्तद्रव तापवल्यावर त्याची जंतू मारण्याची शक्ती जाते, हे झ्यूल बोर्दे यांनी १८९०च्या दशकात दाखवले. १९१९चे नोबेल त्यांना मिळाले. साखळी तीन मार्गांनी सुरू होते आणि तिन्ही सी३ या प्रथिनापाशी एकत्र येतात. पुढे सी५ दुभंगते. मोठा भाग इतर प्रथिनांच्या साथीने शत्रुपेशीच्या आवरणाला छिद्र पाडतो. सी५ए हा छोटा तुकडा मोकळा सुटून दाह वाढवतो व पांढऱ्या पेशींना बोलावतो. कर्करोगात या दोन कामांचा हिशेब वेगवेगळाच मांडला पाहिजे, कारण अर्बुद (कर्करोगाची गाठ) पहिले काम रोखते आणि दुसरे स्वतःच्या कामी लावते.

अनेक अर्बुदपेशींवर सीडी५९ हे छिद्र रोखणारे प्रथिन भरपूर असते. पेशी वाचते, सी५ए मात्र बनत राहतो. २००८मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले की हा तुकडा अर्बुदात अशा मज्जाजन्य पेशी खेचून आणतो, ज्या मारेकरी टी-पेशींना नामोहरम करतात. स्तनकर्करोग असलेल्या उंदरांत सी५एचा ग्राही (तो ज्याला चिकटतो ते पेशीवरील प्रथिन) निकामी केल्यावर फुप्फुसातला फैलाव घटला. सर्वांत बोलका पुरावा २०१७चा आहे: मेंदूच्या आवरणांत पोचलेल्या कर्कपेशी स्वतःच सी३ बनवतात, त्यापासून निघालेला सी३ए मेंदूजल स्रवणाऱ्या जालिकेचा अडसर सैल करतो आणि रक्तातले वाढकारक घटक त्या पोषणशून्य द्रवात उतरतात. इथे संरक्षणाची यंत्रणा घुसखोराच्याच चाकरीत आहे.

म्हणून कर्करोगात ही साखळी औषधाने दडपावी, असा विचार पुढे येतो. त्यावर आक्षेप असा की रिटुक्सिमॅबसारखी औषधी प्रतिपिंडे कर्कपेशी मारताना काही अंशी याच साखळीचा आधार घेतात. मग ती दडपायची कशाला? आक्षेप रास्त आहे, पण तो सरसकट दडपण्याला लागू पडतो. सी५च अडवणाऱ्या एक्युलिझुमॅब या औषधामुळे मेनिंगोकॉकस या जंतूच्या संसर्गाचा धोका वाढतो, कारण छिद्र पाडण्याची क्षमताही जाते. उलट फक्त सी५एचा ग्राही रोखला तर ती टिकते. असा ग्राही रोखणारे अव्हॅकोपॅन हे औषध २०२१मध्ये अमेरिकेत रक्तवाहिन्यांच्या एका दाहविकारासाठी मान्य झाले. कर्करोगात मात्र उंदरांवरचा पुरावा जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. एकाच साखळीचे परिणाम अर्बुदागणिक बदलतात. म्हणून कोणत्या रुग्णात कोणता तुकडा सक्रिय आहे हे आधी मोजावे लागेल.