साक्ष नाकारणारी ग्रंथपाल

झोया हॉर्न यांचा जन्म १९१८ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात झाला. त्या आठ वर्षांच्या असताना कुटुंब देश सोडून आधी कॅनडात आणि तिथून न्यूयॉर्कला आले. ब्रुकलिन कॉलेज आणि प्रॅट इन्स्टिट्यूट इथे शिकून १९४२ मध्ये त्या ग्रंथालयाच्या नोकरीत शिरल्या. १९६८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लुईसबर्ग गावी, बकनेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या संदर्भ विभागाच्या प्रमुख झाल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती.

संदर्भ विभागाचे काम भरवशावर चालते. टेबलापलीकडचा विद्यार्थी काय शोधतो आहे, कुठल्या विषयाने त्याला पछाडले आहे, हे तिथल्या ग्रंथपालाला आपोआप कळते आणि ते तिथेच राहील, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. नेमक्या त्याच काळात या गृहीतकाला धक्के बसू लागले होते. १९७० मध्ये अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी मिलवॉकीसारख्या शहरांतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत जाऊन, स्फोटकांवरची पुस्तके कोणी नेली याच्या नोंदी मागत होते. त्यावर अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने जानेवारी १९७१ मध्ये वाचकांच्या नोंदी गोपनीय मानण्याचे धोरण स्वीकारले.

लुईसबर्गमध्ये विद्यापीठाइतकाच नावाजलेला आहे तो तिथला संघीय तुरुंग. व्हिएतनाम युद्धाला विरोध म्हणून सैन्यभरतीच्या नोंदी नष्ट करणारे धर्मगुरू फिलिप बेरिगन तिथे शिक्षा भोगत होते. बॉइड डग्लस नावाच्या दुसऱ्या एका कैद्याला दिवसा बकनेलमध्ये शिकायला जाण्याची मुभा होती आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो अर्धवेळ कामही करी. बेरिगन आणि जोगीण एलिझाबेथ मॅकअलिस्टर यांची पत्रे तो वहीत दडवून तुरुंगाच्या आतबाहेर करी. गावातल्या युद्धविरोधी मंडळींत त्याने चांगले बस्तान बसवले होते. हॉर्न स्वतः युद्धाच्या विरोधात होत्या, त्यामुळे त्यांच्या घरीही त्याची ये-जा होती. हाच डग्लस एफबीआयचा खबऱ्या होता. ग्रंथालयातला सहकारी, घरच्या जेवणाला बसलेला पाहुणा आणि पोलिसांचा हेर ही एकच व्यक्ती निघाली, हा धक्का हॉर्न यांच्या पुढच्या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी आहे.

जानेवारी १९७१ मध्ये एफबीआयचे लोक हॉर्न यांच्याकडे आले. बेरिगन आणि त्यांचे सहकारी राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांचे अपहरण करणार होते, तसेच वॉशिंग्टनमधल्या सरकारी इमारतींखालचे वाफेच्या नळांचे बोगदे उडवणार होते, असा सरकारचा आरोप होता. आरोपी सात होते. बिहारमध्ये जन्मलेले पाकिस्तानी अभ्यासक इक्बाल अहमद त्यांतलेच. हॉर्न यांना सरकारी पक्षाची साक्षीदार म्हणून समन्स निघाले. त्याच वर्षी जूनमध्ये डॅलसला भरलेल्या असोसिएशनच्या अधिवेशनात ग्रंथालयांतल्या सरकारी हेरगिरीचा निषेध करणारा ठराव झाला. त्यामागे हॉर्न यांचा मोठा हात होता.

खटला १९७२ च्या सुरुवातीला हॅरिसबर्गला उभा राहिला. हॉर्न यांना अभय देण्यात आले होते, म्हणजे त्या जे बोलतील त्यावरून त्यांच्यावर खटला होणार नव्हता. त्यांच्याकडे लपवण्यासारखेही काही नव्हते. चार सरळ उत्तरे देऊन घरी जाणे सहज शक्य होते, आणि म्हणूनच त्यांचा नकार इतका मोलाचा वाटतो. मार्चमध्ये साक्षीसाठी पुकारा झाल्यावर त्यांनी निवेदन वाचायला सुरुवात केली: विद्यापीठात, ग्रंथालयात खबरे पेरले जाऊ लागले की विचारस्वातंत्र्य उरत नाही, आणि आपण त्या व्यवहाराचा भाग होणार नाही. न्यायाधीशांनी त्यांना मध्येच थांबवले आणि न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल तुरुंगात धाडले.

त्या वीस दिवस कोठडीत होत्या. बचाव पक्षाने एकही साक्षीदार उभा केला नाही. ज्यूरीने एकोणसाठ तास खल केला, तरी कटाच्या मुख्य आरोपावर एकमत होईना. दहा जण आरोपींच्या बाजूचे, दोघे विरुद्ध. शाबीत झाली ती फक्त पत्रांची चोरटी ने-आण. खटला संपला आणि हॉर्न सुटल्या. खेदाची गोष्ट अशी की, ज्या असोसिएशनने वर्षभरापूर्वीच हेरगिरीविरुद्ध ठराव केला होता, तिच्याच कार्यकारिणीने ऐन वेळी त्यांना पाठिंबा नाकारला. त्यांच्या ठामपणाचे कौतुक संघटनेने केले, पण नंतर. व्यवसायाच्या तत्त्वापायी तुरुंगात गेलेली पहिली अमेरिकन ग्रंथपाल म्हणून पुढे त्यांचे नाव घेतले जाऊ लागले.

उरलेले आयुष्य त्यांनी कॅलिफोर्नियात काढले. सार्वजनिक ग्रंथालयांनी सेवांसाठी पैसे आकारू नयेत, हा त्यांचा दुसरा आग्रह. माहितीला किंमत लावली की गरीब वाचक बाहेर राहतो आणि हीदेखील बंदीच ठरते, असे त्या मांडत. १९९५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. २००१ च्या पेट्रियट कायद्याने वाचकांच्या नोंदी मागण्याचे अधिकार तपासयंत्रणांना मिळाले, तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या हॉर्न पुन्हा विरोधाला उभ्या राहिल्या. २००४ पासून कॅलिफोर्निया लायब्ररी असोसिएशन त्यांच्या नावाने बौद्धिक स्वातंत्र्याचा पुरस्कार देते. १२ जुलै २०१४ रोजी ओकलंडमध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.