मामा, कझिन आणि ठक

साक्रीच्या स्टँडवर कुणी अनोळखी माणूस ‘ओ मामा’ म्हणत शेजारी टेकला, की माझा हात आधी खिशाकडे जातो. तो बिचारा बहुधा नुसती बसायला जागा मागत असतो. पण ‘मामा बनवणे’ म्हणजे काय, ते त्यालाही ठाऊक असतं आणि मलाही.

इंग्रजीत फसवण्याला ‘कझन’ असं एक क्रियापद आहे. आता ते सहसा कुणाच्या तोंडी नसतं. शेक्सपिअरने ‘कझिन’ या नात्याच्या शब्दाशी त्याची कोटी केली आहे. काहींच्या मते ही कोटीच खरी व्युत्पत्ती. फ्रेंच ‘कुझिने’चा अर्थ कॉटग्रेव्हच्या १६११ च्या कोशात नातं सांगून आपला फायदा साधणे असा दिला आहे. आपलं ‘काका-मामा करणे’च की! दुसरा पक्ष इटालियन ‘कोत्सोने’कडे, म्हणजे घोड्यांच्या दलालाकडे बोट दाखवतो. सारंगखेड्याच्या यात्रेत ज्यांनी घोडा घेतलाय, त्यांना हा पक्ष लगेच पटेल. निकाल अजून लागलेला नाही.

व्युत्पत्तीच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांचं स्वागत मी याच शब्दाने करतो. कारण या विद्येतली फसगतही बहुतेक वेळा नात्यातूनच होते. दोन शब्द कानाला सारखे लागले, की आपण त्यांची सोयरीक जुळवून मोकळे! इथून पन्नासएक किलोमीटरवर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे. वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच गेले. त्यांचा मराठी धातुकोश त्यांच्यामागे, १९३७ मध्ये निघाला. माणूस अफाट. क्रियापदांची मुळं संस्कृत धातूंत शोधताना त्यांनी जुळवलेली काही नाती मला ओढूनताणून आणलेली वाटतात, तरी त्या कोशाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. शेजारी कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश उघडा असू द्यावा.

खरी नाती तोंडवळ्यावरून कळत नाहीत. ‘ठक’ घ्या. त्याच्यामागे संस्कृत ‘स्थग्’, म्हणजे झाकणे. जो झाकतो तो ठक. याच घराण्यात अभ्यासक इंग्रजी ‘थॅच’ही बसवतात, थॅच म्हणजे गवताने छप्पर शाकारणे. एकोणिसाव्या शतकात आपला ‘ठग’ इंग्रजीत गेला, तेव्हा हा दूरचा चुलतभाऊ तिथल्या छपरांवर शेकडो वर्षं बसलेला होता. ओळखपाळख काही निघाली नाही.