तार आणि सूर

वारंगा फाट्यावरील एका स्नेह्यांनी मला विचारले, “स्टिरिओला महागडी तार जोडली तर गाणे सुधारेल का हो?” उत्तर इतिहासातच आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान गायली, तेव्हा आवाजाच्या वाटेत तारच नव्हती. कर्ण्यात शिरलेला सूर सुई थेट मेणावर कोरीत असे. १९२५ च्या सुमारास मुद्रणात मायक्रोफोन आला आणि नाजूक हरकतीही तबकडीत उमटू लागल्या. ती करामत मायक्रोफोनची. तार केवळ हमाल! तिने वाटेत काही सांडू नये, एवढेच. पाच मीटर अंतराला दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या साध्या तांब्याच्या जोडतारेचा रोध जाऊनयेऊन सुमारे ०.१२ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य. तेव्हा वाचकहो, सांधे घट्ट करावेत आणि उरल्या पैशांत अब्दुल करीम खाँसाहेब घरी आणावेत!