दर्यावरील पहारा : खांदेरीपासून डहाणूपर्यंत

ज्या समाजाचे पोट दर्यावर चालते, त्याने दर्याच्या राखणीचा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते. झाई, बोर्डी, डहाणू, धाकटी डहाणू, चिंचणी ह्या गावांतील आपले मांगेला बांधव पिढ्यान्‌पिढ्या होड्या लोटीत आले. परंतु ह्या पाण्यावर सत्ता कोणाची, हे बहुधा दुसऱ्यांनीच ठरविले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर अंमल बसविला. व्यापारी गलबतांस त्यांचा परवाना घेतल्यावाचून समुद्रात फिरता येत नसे.

ह्या मक्तेदारीस छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमाराने आव्हान दिले. १६७९ साली मायनाक भंडारी ह्यांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटाचे काम आरंभिले, तेव्हा इंग्रजांनी मोठी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. परंतु वारा पडला की शिडाचे मोठे जहाज जागच्या जागी थांबे. मराठ्यांची हलकी होडकी मात्र वल्ह्यांच्या बळावर वाटेल तिकडून निसटत व बेटावर सामान पोहोचवीत. त्या ऑक्टोबरातील झुंजीत इंग्रजांचे 'डव्ह' नावाचे गुराब मराठ्यांच्या हाती लागले आणि १६८० च्या प्रारंभी इंग्रजांना माघार घ्यावी लागली. पुढे चिमाजी आप्पांच्या मोहिमेत, १७३९ च्या जानेवारीत, डहाणू व तारापूर ही ठाणी मराठ्यांकडे आली आणि मे महिन्यात वसई पडली. परंतु १७५६ साली पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली व आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गाच्या बंदरात भस्मसात झाले. आपसांतील वैराने समुद्र परक्याच्या हाती जातो, हा त्या घटनेचा धडा होय.

स्वातंत्र्यानंतर भारताने स्वतःच्या युद्धनौका बांधण्याचे मनावर घेतले. मुंबईच्या माझगाव गोदीत तयार झालेली 'नीलगिरी' १९७२ साली नौदलात दाखल झाली. ती विलायती आराखड्यावर बांधलेली होती. १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत 'सुरत' ही विनाशिका, नवी 'नीलगिरी' व 'वाघशीर' ही पाणबुडी अशा तीन नौका एकाच दिवशी राष्ट्रास अर्पण झाल्या. तिन्ही त्याच गोदीतल्या. २०१९ मध्ये दाखल झालेल्या पाणबुडीस तर 'खांदेरी' हेच नाव दिले आहे.

तथापि खाडीच्या मुखाशी येणारी चोरटी होडी अडविणे हे विनाशिकेचे काम नव्हे. चोरट्या आयातीने पश्चिम किनारा गांजला होता, मुंबईच्या समुद्रात १९७४ साली तेल सापडले होते आणि दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर राष्ट्राचा हक्क कायद्याने ठरला होता. ह्या सर्वांच्या राखणीसाठी १९७७ साली तटरक्षक दलाची स्थापना झाली व पुढील वर्षी त्यास कायद्याचा आधार मिळाला. नौदलाकडून मिळालेल्या दोन जुन्या फ्रिगेटी व पाच गस्ती नौका, एवढेच त्याचे प्रारंभीचे भांडवल. आज डहाणूसही ह्या दलाचे ठाणे आहे. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी 'कुबेर' ही मच्छीमार नौका बळकावूनच आले होते. त्यानंतर मच्छीमारांस ओळखपत्रे देण्यात आली, नौदलाकडे सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी सोपविण्यात आली व किनारी पोलिसांची गस्त वाढली.

परंतु गस्तीची दुसरी बाजूही आपल्या घरांस ठाऊक आहे. डहाणू व तलासरी तालुक्यांतील कित्येक तरुण, त्यांत आदिवासी बांधव पुष्कळ, ओखा, पोरबंदर, वेरावळ येथील ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात. सर खाडीपाशी सीमा अद्याप निश्चित झालेली नाही. मासळीमागे नौका पुढे गेली की पाकिस्तानी गस्ती जहाज तिला धरते आणि घरचा कर्ता पुरुष कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षे खितपत पडतो. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी व १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्या एकमेकांस देतात. त्या यादीत आपल्या माणसाचे नाव शोधणाऱ्या माउलीची व्यथा कोणत्या शब्दांत सांगावी?

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे की, खलाशाने ओळखपत्रावाचून नौकेवर पाऊल ठेवू नये. नौकेचे नाव, नोंदणी-क्रमांक व तांडेलाचा पत्ता घरी लिहून ठेवावा. आणि दिशादर्शक यंत्र वाचावयास शिकावे. तटरक्षक दलात नाविकाच्या जागांसाठी दहावी वा बारावी उत्तीर्ण मुलांस अर्ज करता येतो. ज्यांना भरती-ओहोटी बाळपणापासून कळते, अशा आपल्या मुलांनी त्या गस्ती नौकांवर उभे राहावे. मायनाक भंडाऱ्यांचे नाव घेणाऱ्या किनाऱ्यास तेच शोभेल.