बर्फावरील गोलांचा हिशेब : सोव्हिएत विंगर आणि त्यांचे विक्रम

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आइस हॉकीवरील लेख पाहून काही वाचक विस्मित होतील, याची आम्हांस कल्पना आहे. हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान आणि ध्यानचंद उभे राहतात. पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून बर्फावर खेळली जाणारी हॉकी आपल्यापैकी फार थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिली असेल. तथापि आकड्यांवरून वाद घालण्याची हौस आपणांस काही कमी नाही. अमका फलंदाज थोर की तमका, हा वाद आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तसाच एक वाद सोव्हिएत युनियनच्या हॉकीतही होता: सर्वांत थोर विंगर कोण? १९९१ साली तो देश विसर्जित झाला, पण आकडे मागे राहिले. ते कसे वाचावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम खेळाची तोंडओळख करून घेऊ. प्रत्येक बाजूला गोलरक्षक धरून सहा खेळाडू बर्फावर असतात: दोन बचावाचे, तीन चढाईचे. चढाईच्या तिघांपैकी एक मधला. उरलेले दोघे डाव्या-उजव्या बाजूंनी मुसंडी मारणारे, म्हणजे विंगर. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. गोल करणाऱ्यास एक गुण मिळतो आणि त्या गोलापूर्वी पक पुढे देणाऱ्या, जास्तीत जास्त दोघा साथीदारांनाही प्रत्येकी एक गुण मिळतो. ही दुसरी नोंद, तिला आपण ‘गोलसाहाय्य’ म्हणू, पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

रशियात बर्फावर चेंडूने खेळावयाची हॉकी जुनीच होती. पकच्या हॉकीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मात्र डिसेंबर १९४६ मध्ये सुरू झाली. त्या पहिल्या पिढीचा नायक म्हणजे व्सेवोलोद बोब्रोव्ह. हा गृहस्थ फुटबॉलचाही तितकाच मोठा खेळाडू होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाविरुद्धच्या ५-५ अशा सामन्यात त्याने तीन गोल केले आणि १९५६ साली त्याच्याच नेतृत्वाखाली सोव्हिएत संघाने हिवाळी ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सुवर्णपदक मिळवले. जानेवारी १९५० मध्ये स्वेर्दलोव्हस्क येथे झालेल्या विमान अपघातात हवाई दलाचा हॉकी संघ जवळजवळ संपूर्ण मृत्युमुखी पडला. बोब्रोव्ह त्याच संघाचा. परंतु त्या विमानात तो नव्हता, म्हणून वाचला.

राष्ट्रीय स्पर्धेत बोब्रोव्हचे गोल १३० सामन्यांत २५४. म्हणजे दर सामन्यास जवळजवळ दोन! १९४७-४८ च्या हंगामात तर त्याने अवघ्या १८ सामन्यांत ५२ गोल केले. पुढे अडीचशे गोलांचा टप्पा ओलांडणाऱ्यांच्या मानाच्या यादीस त्याचेच नाव देण्यात आले. सरासरी हाच एकमेव निकष मानला, तर हा लेख येथेच संपवावा लागेल.

परंतु इतिहासाचा अभ्यासक आकड्यामागची परिस्थिती पाहतो. बोब्रोव्हच्या काळी सामने उघड्यावर, नैसर्गिक बर्फावर होत. हंगाम लहान असे. गोलरक्षक आणि बचावाचे खेळाडू हा नवा खेळ नुकताच शिकत होते. साहाय्याची नोंद तर त्या काळच्या हिशेबात नाहीच. दोन गोलांची ती सरासरी थोर खरी, पण ती कोवळ्या खेळातील सरासरी आहे. त्याचा हंगामाचा विक्रम मोडला तो वेन्यामिन अलेक्सांद्रोव्ह या लष्करी संघाच्या डाव्या विंगरने, १९६२-६३ मध्ये ५३ गोल करून. पंधरा वर्षे लोटली होती आणि फरक होता एका गोलाचा! अलेक्सांद्रोव्हचे एकूण गोल ४०० सामन्यांत ३५१. सरासरी निम्म्याहूनही खाली आलेली दिसते. पण ती खेळाडू खुजे झाल्यामुळे नव्हे, तर खेळ प्रौढ झाल्यामुळे.

आता वादाच्या केंद्राकडे येऊ. मॉस्कोच्या ‘त्सेस्का’ या लष्करी संघात एक तिकडी खेळत असे: मध्ये व्लादिमीर पेत्रोव्ह, उजवीकडे बोरिस मिखाइलोव्ह, डावीकडे वालेरी खारलामोव्ह. मिखाइलोव्हचे गोल ५७२ सामन्यांत ४२८. सोव्हिएत स्पर्धेच्या संपूर्ण इतिहासात याहून अधिक गोल कोणीही केले नाहीत. खारलामोव्हचे गोल ४३८ सामन्यांत २९३. एकूण गोलांत खारलामोव्ह बराच मागे आहे, सरासरीतही मागे आहे: मिखाइलोव्ह सामन्यास ०.७५, खारलामोव्ह ०.६७. मग लोकांच्या आठवणीत खारलामोव्हच अधिक का?

गोलसाहाय्याची वही उघडली की उत्तर सापडू लागते. मिखाइलोव्हची साहाय्ये २२४, एकूण गुण ६५२. खारलामोव्हची साहाय्ये २१४, एकूण गुण ५०७. सामन्यागणिक भाग दिला, तर मिखाइलोव्हला १.१४ आणि खारलामोव्हला १.१६ गुण पडतात. तराजू किंचित दुसरीकडे झुकला! मिखाइलोव्ह गोलाच्या तोंडाशी पाय रोवून उभा राहावयाचा, धक्के खावयाचा, परतलेला पक आत ढकलावयाचा. खारलामोव्ह वेगाने येऊन दोघातिघांना चकवावयाचा आणि जागा मोकळी करून द्यावयाचा. एकाच्या गोलात दुसऱ्याचा वाटा होता. एकाच तिकडीतील दोघांना वेगवेगळे तोलणे म्हणजे जात्याच्या दोन तळ्यांपैकी पीठ कोणी दळले, असे विचारण्यासारखेच आहे.

सप्टेंबर १९७२ मध्ये कॅनडाच्या व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध आठ सामने झाले. पहिल्याच सामन्यात, माँट्रियल येथे, सोव्हिएत संघ ७-३ असा जिंकला आणि खारलामोव्हने दोन गोल केले. सहाव्या सामन्यात बॉबी क्लार्कने काठीचा फटका त्याच्या घोट्यावर मारला. सातवा सामना त्याला खेळता आला नाही. आठव्यात तो उतरला, पण पूर्वीचा राहिला नव्हता. चार सामने जिंकून कॅनडाने मालिका घेतली. गोल मात्र सोव्हिएत संघाचे ३२ आणि कॅनडाचे ३१! या मालिकेत सोव्हिएत संघातर्फे सर्वाधिक गुण मिळवले ते तिसऱ्याच विंगरने. तो ‘स्पार्टाक’चा अलेक्सांद्र याकुशेव्ह, त्याचे सात गोल आणि चार साहाय्ये.

याकुशेव्हचे राष्ट्रीय स्पर्धेतील गोल ५६८ सामन्यांत ३३९. सरासरी सहा दशांशांच्या आसपास, म्हणजे मिखाइलोव्हपेक्षा कमी. पण येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. सक्तीच्या लष्करी सेवेच्या आधारे त्सेस्काला देशभरचे गुणी खेळाडू हाताशी धरता येत. सोव्हिएत विजेतेपद त्या एका संघाने ३२ वेळा पटकावले. याकुशेव्हच्या पाठीशी असे बळ नव्हते. लाटव्हियाच्या रीगा शहरातील हेल्मुट्स बाल्डेरिस याचेही, रीगाच्या संघात असताना, तेच. १९७६-७७ मध्ये रीगाच्या संघातून खेळून तो देशातील सर्वाधिक गुणांचा मानकरी ठरला. एकूण गोल ४६२ सामन्यांत ३३३. राजधानीपासून दूर राहून मिळवलेल्या १९७६-७७ च्या त्या मानाचे मोल दूरदेशी संसार थाटलेल्या आपणांस वेगळे सांगावयास नको.

यानंतरची पिढी सेर्गेई माकारोव्ह आणि व्लादिमीर क्रुतोव्ह यांची. या दोघांच्या मध्ये इगोर लारिओनोव्ह खेळे. क्रुतोव्हचे गोल ४३९ सामन्यांत २८८. माकारोव्हचे गोल ५१९ सामन्यांत ३२२, म्हणजे मिखाइलोव्हपेक्षा शंभरांहून अधिक कमी. पण त्याची साहाय्ये ३८८ आणि एकूण गुण ७१०. हा गुणांचा सोव्हिएत उच्चांक होय. ज्याने स्वतः केलेल्या गोलांपेक्षा इतरांकडून अधिक करविले, तोच गुणांत अग्रगण्य ठरला! १९८९ साली तो कॅल्गरी संघाकडून उत्तर अमेरिकेत खेळू लागला आणि एकतिसाव्या वर्षी उत्कृष्ट नवोदिताचे पारितोषिक मिळवता झाला. त्यानंतर त्या पारितोषिकास सव्वीस वर्षांची वयोमर्यादा घालण्यात आली.

तात्पर्य, एकाच प्रश्नास चार उत्तरे आहेत. सरासरीने बोब्रोव्ह, एकूण गोलांनी मिखाइलोव्ह, एकूण गुणांनी माकारोव्ह आणि लोकांच्या मनातील स्थानाने खारलामोव्ह. १९७६ च्या मोटार अपघातातून सावरून खारलामोव्ह पुन्हा बर्फावर उतरला होता. २७ ऑगस्ट १९८१ रोजी दुसऱ्या मोटार अपघातात तो आणि त्याची पत्नी मृत्यू पावली. वय अवघे तेहतीस. त्याचे सहकारी त्या वेळी कॅनडात होते. काही दिवसांनी, माँट्रियल येथेच, त्यांनी कॅनडाचा ८-१ असा पराभव करून चषक जिंकला. २९३ हा आकडा कारकीर्द संपण्यापूर्वीच थांबला, हे कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नसते.

आमचे मत विचाराल, तर आम्ही माकारोव्हच्या ३८८ साहाय्यांपुढे प्रथम नतमस्तक होऊ. गोल करणाऱ्याचे नाव फलकावर झळकते. पक पुढे देणाऱ्याचे नाव वहीत असते, आणि बोब्रोव्हच्या काळी तर तेही नसे. मंडळाच्या पन्नास वर्षांचा इतिहास लिहिताना अध्यक्ष आणि कार्यवाह यांची नावे सहज सापडतात. गणेशोत्सवात सतरंज्या घालणारे, नाटकाच्या तालमींना चहा पुरवणारे, नव्याने आलेल्या कुटुंबास पहिल्या रात्री घरी जेवू घालणारे हात मात्र कोणत्याही वहीत नाहीत. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्या नोंद न झालेल्या साहाय्यांचेही स्मरण व्हावे, एवढीच प्रार्थना.